चांदीची आगगाडी आणि गोल्फचा चेंडू

ग्वाल्हेर म्हटलं की शिंदे, तानसेन आणि किल्ला हेच आपल्याला आठवतं. मी तिथे हिंडले ते मात्र गोल्फचा चेंडू डोक्यात घेऊन! संग्रहालयांत मुलांनी हाताळून पाहायची दालनं मांडणं हे माझं काम. सध्या गोल्फचा इतिहास आणि विज्ञान सांगणारं दालन हातात आहे. आपल्या बहुतेक घरांत गोल्फ कुणीच खेळत नाही. मग मुलं तिथे थांबतील कशासाठी?

जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधलेल्या जयविलास महालात भोजनाच्या टेबलावर रूळ आहेत. त्यांवरून चांदीची छोटी आगगाडी पाहुण्यांसमोर मद्याच्या सुरया फिरवायची. सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की निघे. म्हणजे पाहुण्याने हात लावायचा आणि यंत्राने उत्तर द्यायचं! दरबार हॉलमधली झुंबरं प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची. छत पेलेल का, हे पाहण्यासाठी आधी वर हत्ती चढवले होते, असं सांगतात. आधी शंका, मग प्रयोग.

किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे, एकाच खडकात कोरलेलं. तिथल्या इसवी सन ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे आहेत: बागेची २७० हात लांबी आणि रोजच्या ५० फुलमाळा. भारतातल्या जुन्या, काळ नक्की ठाऊक असलेल्या कोरीव शून्यांपैकी हे शून्य. पण मी होते तेवढ्या वेळात बरेच जण त्याच्यासमोरून सरळ पुढे गेले. वस्तू कितीही थोर असो, प्रश्न पडला नाही तर पाय थांबत नाहीत.

गोल्फच्या चेंडूत असा प्रश्न आयताच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गटापर्चा या झाडाच्या चिकाचे गुळगुळीत चेंडू आले. खेळून ओरखडे पडलेले चेंडू नव्यांपेक्षा चांगले उडतात, हे खेळाडूंच्या लक्षात आलं. मग कारागीर नव्या चेंडूंवर मुद्दाम खुणा ठोकू लागले. १९०५ मध्ये विल्यम टेलर या इंग्रजाने खळग्यांच्या चेंडूचं पेटंट मिळवण्यासाठी अर्ज केला. खळग्यांमुळे हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून वाहते, मागचा भोवरा लहान होतो आणि हवेचा अडथळा साधारण निम्म्यावर येतो.

म्हणून दालनात सुरुवातीला पाटी नाहीच. एक गुळगुळीत, एक खळग्यांचा, असे दोन सारख्याच आकाराचे आणि वजनाचे चेंडू दोऱ्यांना टांगलेले असतील. समोर जोराचा झोत. कुठला चेंडू जास्त मागे ढकलला जाईल? आधी बटण दाबून अंदाज सांगायचा, मगच झोत सुरू. वारा मंद असताना दोघांत फारसा फरक दिसत नाही. वेग वाढला की गुळगुळीत चेंडू जास्त मागे जातो. ओरखड्यांची गोष्ट त्यानंतर.

ग्वाल्हेरला गेलात तर चतुर्भुज मंदिर चुकवू नका. मुलांना शून्य दाखवू नका, शोधायला सांगा.