पुढे पाठवण्याआधी

“तू मुलांना कम्प्युटर शिकवतेस म्हणजे नक्की काय शिकवतेस गं?” असं आमच्या नात्यातल्या बायका मला अधूनमधून विचारतात. टायपिंग, चित्रं काढणं, गुगलवर माहिती शोधणं, असं सांगितलं की त्यांचं समाधान होतं. खरं उत्तर याहून मोठं आहे. ज्या घरात एक स्मार्टफोन आणि एक शाळकरी मूल आहे, अशा प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे. म्हणून ते इथे सविस्तर मांडते.

मी डहाणू तालुक्यात, कैनाड परिसरातल्या एका शाळेत शिकवते. शिक्षण बी.एड., विषय भाषा. घरात उर्दू, शाळेत मराठी. एमएस-सीआयटी झालेलं असल्यामुळे सहावी ते आठवीचा कम्प्युटरचा तास माझ्याकडे आला. मुलं बहुतेक वारली, पाड्यांवरून चालत येणारी. घरची बोली वारली, त्यामुळे पुस्तकातली मराठीही त्यांना नव्याने शिकावी लागते. मोठ्यांनाही ती ‘तू’च म्हणतात आणि त्यात अनादर मुळीच नसतो. “बाई, तू इकडे ये, हा बंद पडला,” अशी हाक आली की समजायचं, वीज गेली किंवा माऊस अडकला.

या मुलांच्या आईवडिलांपैकी कुणी चिकूच्या वाडीत मजुरीला जातं, कुणी भातकापणी आटोपली की वीटभट्टीवर. घरात फोन बहुधा एकच, बापाचा किंवा मोठ्या भावाचा. तरी मुलांचा हात त्यावर आपल्यापेक्षा सराईत चालतो. नीट लिहिता न येणारा मुलगासुद्धा माईकचं बटण दाबून, बोलून यूट्यूबवर हवं ते गाणं काढतो. कम्प्युटरसमोर मात्र सुरुवातीला सगळे पडद्यालाच बोट लावतात, आणि तो सरकत का नाही म्हणून एकमेकांकडे बघतात.

एक्सेल शिकवताना मी त्यांना आईच्या कामाचा हिशेब मांडायला सांगितला. एका रकान्यात कामाचे दिवस, दुसऱ्यात रोजची मजुरी, तिसऱ्यात घेतलेली उचल. खाली बेरीज-वजाबाकीचं सूत्र टाकलं आणि आकडा उमटला. एका मुलीने तो वहीत उतरवून घरी नेला. पुढच्या आठवड्यात तिची आई स्वतः शाळेत आली आणि म्हणाली, “हिला हे आणखी शिकव.” त्या दिवसापासून कम्प्युटरचा उपयोग काय, हे पाड्यावर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

सुरक्षेचा धडा पासवर्डपासून सुरू होतो. मुलं आपलं नाव आणि पुढे एक-दोन-तीन टाकतात. मी सांगते, घरी आजी नेहमी बोलते असं एखादं वारली वाक्य आठवा आणि त्यातल्या शब्दांची पहिली अक्षरं घ्या, मध्ये आकडे घाला. ते वाक्य परक्याला सुचणार नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. बँकेचा माणूस म्हणवणाऱ्याला नाही, साहेबाला नाही, मलाही नाही. हा भाग मुलं पटकन शिकतात. अवघड भाग एका मुलाच्या प्रश्नाने समोर आला. मेसेज फॉरवर्ड करण्याबद्दल बोलत होते, तेव्हा सातवीतल्या एका मुलाने विचारलं, “बाई, गडचिंचल्याला ज्यांनी मारलं, त्यांना ते खोटं आहे हे ठाऊक नव्हतं?”

गडचिंचले हे आमच्याच तालुक्यातलं, दादरा-नगर हवेलीच्या सीमेजवळचं गाव. 16 एप्रिल 2020 च्या रात्री, लॉकडाऊनच्या दिवसांत, मुंबईहून सुरतकडे अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक अशा तिघांना जमावाने तिथे ठार मारलं. त्याआधी त्या भागात अफवा फिरत होत्या: रात्री चोर येतात, मुलं पळवणारी टोळी फिरते, माणसांचे अवयव काढून नेतात. व्हॉट्सअॅपवरून आणि तोंडोतोंडी. लोक रात्र-रात्र जागून पहारा देत होते. पोलिसांनी सुरुवातीला ज्या 110 जणांना ताब्यात घेतलं, त्यांतले 9 अठरा वर्षांच्या आतले होते. शिक्षक म्हणून हा नऊचा आकडा माझ्या मनातून जात नाही.

हे काही एकाच तालुक्याचं दुखणं नव्हे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने मारलं. भिक्षा मागत फिरणारी, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली गरीब माणसं होती ती. त्या महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवण्यावर मर्यादा आणली. 7 एप्रिल 2020 ला आणखी कडक नियम केला, की अनेकदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल. त्यानंतर नऊ दिवसांनी गडचिंचले घडलं. कंपनीने कुलूप लावलं तरी भीतीला वाट लागते ती फक्त शेजाऱ्याच्या कानापर्यंतची.

आपल्या वाचकांना या घटनेची दुसरी बाजूही आठवत असेल. त्या रात्रीचा व्हिडिओ देशभर फिरला आणि त्यातल्या गोंगाटात कुणीतरी ‘शोएब’ म्हणतंय, म्हणजे मारणारे मुसलमान होते, असं पसरवलं गेलं. नीट ऐकलं तर तो आवाज ‘ओय बस’ असा होता. पडताळणी करणाऱ्यांनी ते दाखवून दिलं. 22 एप्रिलला तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या 101 जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुस्लिम नाही. एका अफवेने तीन जीव घेतले होते, आणि त्याच मृत्यूंवर दुसरी अफवा उभी राहिली होती. ती यादी येईपर्यंत आमच्या घरात फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. शाळा उघडेल तेव्हा ही मुलं माझ्याकडे कशी बघतील, हा विचार मी रोज करत होते.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देताना मी सांभाळून बोलले. म्हटलं, “ठाऊक नव्हतं. पण ठाऊक करून घ्यायला कुणी थांबलंही नाही. तुला कोणी सांगितलं, आणि त्याने स्वतः पाहिलं का, एवढं तरी विचारायला हवं होतं.” मारणं हा गुन्हाच होता, आणि भीती वाटली म्हणून तो लहान होत नाही, हेही मी स्पष्ट सांगितलं. वर्गात कुणी काही बोललं नाही. ती सगळी माणसं त्यांच्या ओळखीच्या जगातली होती.

पुढच्या तासाला आम्ही एक प्रयोग केला. मधल्या सुट्टीत पोषण आहारासाठी उभ्या असलेल्या मुलांचा मी पाठमोरा फोटो काढला. तो पडद्यावर दाखवला आणि खाली लिहिलं: ‘खिचडीसाठी शिस्तीत रांग.’ मुलं हसली. मग तोच फोटो ठेवून ओळ बदलली: ‘शाळेत विषबाधा, मुलांची गर्दी.’ हसणं थांबलं. फोटो खरा, जागा खरी, मुलंही खरी. खोटी होती फक्त खालची ओळ. त्यानंतर मुलांनीच फळ्यावर प्रश्न लिहिले: कोणी सांगितलं? त्याने स्वतः पाहिलं का? कधीचं आहे? कुठलं आहे? पाठवल्याने कुणाला मार बसेल का? शेवटचा प्रश्न एका मुलीचा आहे. तो मला सुचला नव्हता.

यासोबत थोडी हातोटीही शिकवते. मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ लिहिलेलं असलं तर पाठवणाऱ्याने तो स्वतः लिहिलेला नाही. दोन बाणांची खूण दिसली तर तो बऱ्याच हातांतून आलेला आहे. फोटो गुगल लेन्समध्ये टाकला तर तोच फोटो आधी कुठे आला होता हे बहुतेक वेळा सापडतं. मुलांनी असा एक पुराचा ‘आजचा’ फोटो तपासला, तर तो दुसऱ्याच राज्यातला आणि काही वर्षांपूर्वीचा निघाला.

माझ्या स्वतःच्या मुलाला हे समजावताना उदाहरणं घरातच होती. हदीसच्या ग्रंथात मजकुराआधी सनद येते, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं याची साखळी. इमाम बुखारी (इ.स. 810–870) यांच्यासारख्या मुहद्दिसांनी आयुष्यं घालवली ती याच तहकीकमध्ये: रावी विश्वासू होता का, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला तो भेटला तरी होता का. सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीचा आशयही हाच आहे, की बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर शहानिशा करा, अजाणता कुणाला इजा करून पस्तावू नका.

आणि आपल्या फॅमिली ग्रुपवर काय येतं? ‘ही हदीस दहा जणांना पाठवा, खुशखबर मिळेल, थांबवलीत तर नुकसान होईल.’ कुठल्या किताबातली, कुणाकडून आलेली, काही पत्ता नाही. एकदा माझ्या मुलाने विचारलं, “दादी, इसकी सनद क्या है?” दादी थोड्या थांबल्या आणि हसून म्हणाल्या, “बेटा, मुझे तो तेरी फूफी ने भेजा है।” फूफीला विचारलं, तर त्यांना शेजारणीने पाठवलेलं. शेजारणीला आठवेना. तिसऱ्या घरातच साखळी तुटली. खोटी बातमी आपल्याविरुद्ध असते तेव्हा आपल्याला लगेच झोंबते. आपल्या आवडीची असते, दीनच्या नावाने येते, तेव्हा तपासायचं काम आपलंच असतं.

विचारण्याची ही सवय मुलांना बाहेरच्या जगासाठी लागते, तशी घरात बोलण्यासाठीही लागते. आठवीतल्या एका मुलीकडे एका अनोळखी माणसाने गोड बोलून तिचा साधा फोटो मागितला. मिळाल्यावर त्यावरून खोटा, घाणेरडा फोटो बनवला आणि धमकावू लागला. ती तीन आठवडे कुणालाही बोलली नाही. शेवटी तिने माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. आधी का नाही बोललीस, असं विचारलं तर म्हणाली, “बा फोन घेईल आणि शाळा बंद करेल.” मुख्याध्यापकांनी तिच्या आईला बोलावलं. मेसेज पुसायचे नाहीत, स्क्रीनशॉट ठेवायचे, हे आधी समजावलं. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट पोलिसांना कळवावीच लागते, तशी कळवली. गुन्हा मागणाऱ्याचा असतो, मुलीचा नाही, हे तिच्या बापाला पटवायला दोन बैठका लागल्या. ती मुलगी आजही वर्गात पहिल्या बाकावर बसते.

हे आदिवासी पाड्यावरचं म्हणून आपण वेगळं समजू नये. आपल्या मोहल्ल्यातही मुलीच्या फोनवर काही आलं की पहिला निर्णय शाळा सोडवण्याचा होतो. मग पुढची मुलगी हे बघून गप्प बसायला शिकते, आणि धमकावणाऱ्याला तेच हवं असतं.

‘फोनच देऊ नका’ असा सल्ला पुष्कळ जण देतात. लहान वयात त्यावर मर्यादा हवीच. पण मूल जिथे आहे तिथे मोठ्यांना जावं लागतं. आमच्या तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच केलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, तेव्हा त्या शाळा मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या आणि बिया, दगड, शंख-शिंपले घेऊन शिकवलं. आजचं अंगण हातातल्या पडद्यात आहे. तिथे मूल एकटं असेल तर अनोळखी माणूस लवकर पोचतो.

तेव्हा आया-बहिणींनो, आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, मुलाला आपल्या शेजारी बसवून त्याचा फोन बघा. झडती घ्यायला नव्हे, त्याच्याकडून शिकायला. ग्रुपवर आलेला एखादा मेसेज दोघांनी मिळून तपासा. खोटा निघाला तर ज्या ग्रुपवर आला तिथेच, नाव न घेता, अदबीने कळवा. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच 1930 वर फोन करावा. मूल संकटात असेल तर 1098 आहे. हे दोन्ही आकडे आमच्या कम्प्युटरच्या खोलीत दारावर लिहिले आहेत. मुलांनीच रंगवले, भोवती तारपा वाजवणारी आणि फेर धरून नाचणारी वारली माणसं काढून. आपल्या घरी ते फ्रिजवर किंवा कॅलेंडरशेजारी लिहून ठेवले तरी पुरे.