शहाण्णव मैल, शहाण्णव धागे

दर वर्षी ग्लासगोहून हजारो माणसं किल्ट नेसून लोमंड सरोवराकडे चालत निघतात. मोठा पल्ला सुमारे 23 मैलांचा. धर्मादाय कामांसाठी पैसे उभे करणारी ही ‘किल्टवॉक’. माझं आयुष्य मागावर गेलं, त्यामुळे तिचे फोटो पाहताना माझी नजर चेहऱ्यांआधी कापडावर जाते. चांगल्या किल्टला आठेक यार्ड लोकरी कापड लागतं. मागच्या चुण्या अशा घालतात, की चौकडी मोडल्यासारखी दिसत नाही. पण पाऊल पुढे पडलं की चुणी उघडते, आत दडलेला रंग दिसतो आणि मिटतो. ही रंगीत चौकडी म्हणजे टार्टन, आणि टार्टन बघावा तो चालत्या माणसाच्या अंगावर.

म्हणूनच एखाद्या पदयात्रेसाठी खास टार्टन काढायची कल्पना मला मनापासून आवडते. मात्र हिरवा म्हणजे डोंगर, निळा म्हणजे पाणी, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. स्कॉटलंडच्या कुठल्या वाटेवर डोंगर आणि पाणी नाही? वाट ओळखू यायची तर ती धाग्यांच्या हिशेबात उतरायला हवी.

तसा हिशेब मी हातमागावर मांडून पाहिला. वाट निवडली 1980 साली खुली झालेली ‘वेस्ट हायलँड वे’. ग्लासगोजवळच्या मल्गायपासून फोर्ट विल्यमपर्यंत 96 मैल. एका मैलाला एक धागा. माझ्या जाड लोकरीचे इंचाला 24 धागे बसतात, म्हणजे चौकडी बरोबर चार इंचांची. लोमंडच्या काठाने वाट सुमारे 20 मैल जाते, म्हणून निळे धागे वीस. रॅनक मूरच्या ओसाड पठारावरचे तपकिरी दहा. ‘डेव्हिल्स स्टेअरकेस’ हा सुमारे 550 मीटरवरचा वाटेतला सर्वांत उंच टप्पा, त्याला पांढरे दोन. एकच घातला असता तर ट्विलच्या तिरप्या विणीत रेघ तुटक दिसली असती.

पहिल्या पट्टीत मी सात रंग घेतले होते. ताण्यात जो क्रम, तोच बाण्यात. त्यामुळे प्रत्येक रंग प्रत्येकाला छेदतो आणि सातांच्या 28 छटा होतात. कापड गढूळ दिसायला लागलं. पट्टी उसवली, चार रंग ठेवले. दहा छटा झाल्या आणि निळं पाणी पुन्हा निळं दिसलं.

खरा पेच पुढेच होता. बहुतेक टार्टन आरशासारखे असतात: रंगांचा क्रम एका टोकाला जातो आणि तिथून उलटा परत येतो. पण मल्गायहून निघालेला माणूस फोर्ट विल्यमला पोचतो आणि थांबतो. तो उलटा चालत येत नाही. उत्तर वाटेतच सापडलं. लोमंडचा पूर्व काठ हा बुकॅनन घराण्याचा जुना मुलूख, आणि त्यांचा प्रसिद्ध टार्टन उलटा फिरत नाही, एकाच दिशेने पुन्हा पुन्हा येतो. मीही तसाच क्रम धरला.

नवे टार्टन खोटे, घराण्यांचेच खरे, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. 1746 च्या कायद्याने हायलँडचा पोशाख बंद केला, ती बंदी 1782 मध्ये उठली. अमुक घराण्याचा अमुक टार्टन ही पद्धत बहुतांशी त्यानंतरची. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा तिला जोर चढला. घराण्यांचे टार्टनही कधीतरी कुणीतरी बसवलेलेच आहेत.

2009 पासून स्कॉटलंडच्या सरकारी नोंदवहीत नवे टार्टन नोंदवता येतात. रंग कोणता आणि धागे किती, हे कळलं की पुढचा कुणीही विणकर तेच कापड पुन्हा विणू शकतो. म्हणून पदयात्रांच्या आयोजकांना माझी विनंती आहे: पत्रकात रंगांचे अर्थ जरूर छापा, पण शेजारी धाग्यांचे आकडेही छापा.