राखेचे मोल

हुडकेश्वर परिसरात जेथे काल शेते होती, तेथे आज लेआउट पडले आहेत. धर्मग्रामातील कुटुंबे आयुष्यभराची पुंजी लावून घर उभारतात आणि पायाभरणीच्या आशीर्वादासाठी आम्हांला बोलावतात. तेव्हा एक प्रश्न वारंवार कानी येतो : “फादर, राखेच्या सिमेंटचा स्लॅब टिकेल का?”

प्रश्नामागची धास्ती आम्ही जाणतो. राख म्हणजे संपलेली वस्तू. तिच्यावर छप्पर कसे पेलावे? परंतु आधी सिमेंट कसे होते ते पाहू. चुनखडी सुमारे १४५० अंश तापमानाला भाजतात. इंधनाचा धूर वेगळाच. नुसत्या १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो कर्बवायू मोकळा होतो. भट्टी कितीही सुधारली तरी हा भार चुकत नाही. तो घटवायचा, तर भाजलेल्या चुनखडीचा वाटाच कमी करावा लागतो. पोझोलाना सिमेंटमध्ये भारतीय मानकानुसार १५ ते ३५ टक्के कोळशाची राख असते. चुना व पाणी यांच्या संयोगाने ती राखही बांधणारे द्रव्य बनते.

‘पोझोलाना’ हे नाव इटलीतील पोत्सुओली गावाच्या ज्वालामुखीच्या राखेवरून आले. रोमच्या वाटेवर संत पौल ज्या बंदरात उतरला (प्रेषितांची कृत्ये २८:१३), ते हेच गाव. अशा राखेच्या काँक्रीटचे रोममधील पँथिऑन दुसऱ्या शतकापासून उभे आहे. ६०९ साली ते पवित्र मरिया व हुतात्म्यांचे मंदिर झाले. टिकण्याविषयी आणखी कोणती साक्ष हवी?

आपल्या नागपूरच्या उत्तरेस कोराडी व खापरखेडा येथे कोळशावर वीज होते. वीज आपण सारे वापरतो. राख मात्र शेजारच्या गावांच्या पदरी पडते. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राखतलावाचा बांध फुटून राखेचे पाणी शेतशिवारात शिरले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ परिपत्रकात धरतीचा आणि गरिबांचा, दोघांचाही आक्रोश ऐकण्यास सांगितले. आमच्या मते तो आक्रोश येथे एकाच मुखातून उमटतो.

या सिमेंटची एक अट आहे : धीर. त्याचे बळ आरंभी सावकाश चढते, मात्र पुढे दीर्घकाळ वाढत राहते. म्हणून किमान १० दिवस, नागपूरच्या उन्हात तर १४ दिवस, स्लॅब ओला ठेवावा; सेंट्रिंग काढण्याची घाई करू नये. मिस्त्रीने अंदाजाने राख मिसळू नये; मानकचिन्ह असलेले पोतेच घ्यावे आणि अभियंत्याचा सल्ला मानावा.

राखेच्या वापराने कोळसा जाळणे पुण्यकर्म ठरत नाही, आणि गरजेपेक्षा एक खोली कमी बांधणे हे कोणत्याही सिमेंटहून थोर. तरीही राखेच्या बुधवारी कपाळी राख घेणाऱ्या आपण तिला हीन का लेखावे? शेजाऱ्याच्या अंगणातला भार उचलून आपल्या भिंतीत घ्यावा, ही शेजारप्रीतीच आहे.