उंचावरच्या खोलीतले पाणी

मे महिन्यात लिंबागणेशहून आम्ही दोघे आणि अम्मी मुंबईला गेलो. भाच्याने हट्टाने ताज हॉटेलच्या मनोऱ्यात एका रात्रीची खोली घेतली होती. जुनी इमारत १९०३ सालची, मनोरा १९७३ चा. लिफ्टने वर गेलो. खिडकीतून गेटवे ऑफ इंडिया लहानसा दिसत होता.

न्हाणीघरातला टब पाहून अम्मी म्हणाल्या, "इत्ता पानी एक आदमी के नहाने कू?"

आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. २०१६ साली तर शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले होते. मुंबईलाही बहुतेक पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा दूरच्या जलाशयांतूनच येते.

वाहत्या नदीकाठीही वजू करताना पाणी वाया घालवू नये, असे आम्ही मुलांना नेहमी सांगतो. फजरला अम्मींनी नळाची बारीक धार सोडून वजू केला. टब कोरडाच राहिला.

आम्ही मात्र रात्री शॉवरखाली बराच वेळ उभे होतो. नळ बंद करायचे सुचलेच नाही. अम्मी काही बोलल्या नाहीत. परतीच्या प्रवासात तेवढेच मनात राहिले.