शिडाच्या नौकेतील एक रात्र

आम्हा साक्रीकरांचे पाणी शिस्तीतले. पांझरेच्या खोऱ्यात बंधाऱ्याने अडविलेले, पाटाने वळविलेले आणि फडाफडांतून वाटलेले पाणी पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. पाटकरी सोडील तेव्हा ते यावयाचे व अडवील तेव्हा थांबावयाचे. तेच पाणी पुढे तापीस मिळून सुरतेखाली समुद्रास जाते, हे मी तीसएक वर्षे नकाशावर काठी फिरवून मुलांस शिकविले. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात आणि रात्री भूमीवरून मतलई वारे वाहतात, ही आकृतीही फळ्यावर शेकडो वेळा काढली. परंतु ज्या पाण्यास पाटकरी नाही, अशा पाण्यावर एक रात्र काढण्याचा योग साठी उलटल्यावरच आला.

माझा एक जुना विद्यार्थी व्यापारी जहाजावर अधिकारी आहे. त्याची मुंबईस लहानशी शिडाची नौका आहे. तिच्यातून मुंबईहून मुरूड-जंजिऱ्यापर्यंत, म्हणजे सुमारे 40 सागरी मैल अथवा 74 किलोमीटर, रात्रीच्या रात्री जावयाचे असे गेल्या मार्गशीर्षात ठरले. मंडळी चौघे : एक वकील, एक डॉक्टर, माझे एक सहशिक्षक आणि मी. घरी सूनबाईंनी हरकत घेतली, नातवंडांनी हट्ट धरला. सौभाग्यवतींनी काही न बोलता आलेपाकाची पुडी तेवढी पिशवीत ठेवली.

नौकेचा तांडेल थळकडचा कोळी, वयाने पन्नाशीचा. त्याने प्रथम आम्हास तरंगजाकिटे चढविली, प्रत्येकाची जागा नेमून दिली आणि सांगितल्यावाचून कोणी उठावयाचे नाही असे बजाविले. हा नियम किती मोलाचा आहे, हे ‘रामदास’ बोटीची हकीकत ज्यांस ठाऊक आहे त्यांस सांगावयास नको. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ती बोट वादळी लाटांत सापडली, घाबरलेले उतारू एका अंगास धावले, बोट कलंडली आणि सहाशेंहून अधिक जीव गेले.

सायंकाळी पाचास नांगर उचलला. वायव्येचा खारा वारा शिडात भरला आणि कुलाब्याच्या दक्षिण टोकाचा, 1875 साली बांधलेला प्राँग्ज दीपस्तंभ मागे पडला. सूर्यास्तानंतर वारा पडला. भूमी लवकर निवते, पाणी उशिरा निवते, मधल्या वेळी दोघेही तटस्थ. फळ्यावरील माझी आकृती येथवर अक्षरशः खरी ठरली.

दहाच्या सुमारास खांदेरीचा दिवा आला. 1679 साली शिवछत्रपतींच्या आज्ञेने मायनाक भंडाऱ्याने या बेटावर तट उभारण्यास आरंभ केला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी जहाजांचा वेढा घातला. पण आपल्या उथळ बुडाच्या लहान होड्या रात्री वल्ही मारीत त्यांच्यामधून रसद घेऊन निसटत. आमच्या पिंपळनेराकडील डोंगरांपलीकडचा साल्हेर आणि ही खांदेरी, दोन्ही 2025 साली जागतिक वारशाच्या एकाच यादीत आली. एक गगनात, दुसरी पाण्यात.

मध्यरात्री अष्टमीचा चंद्र मावळला आणि उत्तरेचा वारा एकाएकी खवळला. हा आकृतीतला मतलई वारा नव्हे. पाठीमागून लाट येई, नौकेचा मागचा भाग उचलून धरी आणि मग आम्ही तिच्या उतारावरून खाली घसरत जाऊ. तांडेलाच्या साथीदाराने मोठे शीड अर्धे गुंडाळले. डॉक्टरांस बोट लागली. डोळा स्थिर म्हणतो आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय हलते म्हणते, या भांडणातून ही व्याधी होते, असे त्यांनीच आम्हास दुपारी समजाविले होते. आता आलेपाक तोंडात धरून ते दूरच्या दिव्याकडे टक लावून बसले.

वकीलसाहेबांच्या छातीत धडधडू लागले. ते हृदयाचे जुने रुग्ण. “तांडेल, परत फिरा, नाही तर डावीकडे ते दिवे दिसतात तेथे तरी उतरवा,” असे ते काकुळतीने म्हणाले. आम्हा तिघांच्याही मनात तेच होते. तांडेलाने सुकाणूवरचा हात काढला नाही. “काका, मागं फिरलो तं वारा आन् लाट तोंडावर येल. किनाऱ्याला खडक हाईत. खोल पानी बरा.” डावीकडे चौल कडूचे खडक होते, रेवदंड्याच्या खाडीचे तोंड अंधारात गाठणे त्याहून बिकट. त्याने नौका किनाऱ्याकडे न नेता आणखी बाहेर काढली!

त्या क्षणी तुग्रपुत्र भुज्यूची वैदिक कथा मला आठवली. समुद्रात निराधार झालेल्या त्याला अश्विनीकुमारांनी शंभर वल्ह्यांच्या नौकेतून घरी आणले. आमच्यापाशी शंभर वल्ही नव्हती, दोन हात होते. डॉक्टर स्वतः आजारी असता वकीलसाहेबांची नाडी धरून बसले. माझे सहशिक्षक मोठ्याने प्रत्येक लाट मोजू लागले. सातशे-आठशेपर्यंत त्यांची मोजणी गेली. तिने त्या रात्री औषधासारखे काम केले.

कोर्लईचा दिवा मागे गेला तसा वारा उतरला. पहाटे पद्मदुर्गाची काळी आकृती दिसली आणि उजाडता जंजिऱ्याचा तट. वकीलसाहेब काठावर उतरले, ते प्रथम तांडेलास दोन्ही हात जोडून.

भूमीवर वाढलेल्या माणसास काठ म्हणजे अभय वाटतो. दर्यावर्दी जाणतो की वादळात काठच घातक, आणि खोल पाणी तारक. प्रपंचातही भयाच्या वेळी जवळ दिसणारा आसरा पुष्कळदा खडकाळ असतो. तेथे धावत न सुटता, ज्यास मार्ग ठाऊक आहे त्याच्या हाती सुकाणू ठेवून आपल्या जागी बसून राहणे, हेही एक धैर्यच आहे. वाचकांपैकी कोणास असा प्रवास करावयाचा असेल, तर पावसाळा सोडून, हवामानखात्याची सूचना पाहून आणि जाणता तांडेल मिळाल्यासच करावा. आलेपाक मात्र घरूनच न्यावा.