वजा बाजू

मातीची गढी. नाशिकमधले गोदाकाठचे टेकाड, लोक काझीची गढी म्हणतात. 1950-51 मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथे खणले, तेव्हा ताम्रपाषाणयुगापासून मराठेशाहीपर्यंतचे थर एकाखाली एक निघाले. खापरन् खापर वेगळे करून अहवालात छापले गेले. टेकाड मात्र दर पावसाळ्यात नदीच्या अंगाने ढासळते. कडेच्या घरांना महापालिकेच्या नोटिसा लागतात, माणसे तेवढ्यापुरती हलतात आणि उघडीप झाली की परत येतात. दुसरीकडे जाणार कुठे? संरक्षक भिंतीची मागणी तेवढी पक्की उभी आहे.

सरकारवाडा. सराफ बाजारातला पेशवेकालीन वाडा. इथे कचेरी झाली, पोलीस बसले, 1840 साली निघालेले सार्वजनिक वाचनालयही नांदून गेले. आता राज्य पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय. पोलीस ठाणे हलले, पाटीवर नाव ‘सरकारवाडा’च. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई. लाकडात लाकूड बसवलेले. दुरुस्तीला निधी एक वेळ मिळेल, असा सांधा हाताने भरणारा सुतार शोधावा लागतो. मूर्ती आणि नाणी कपाटात ठेवता येतात. सुताराचा हात कुठे ठेवणार?

पायऱ्या. त्याच वाड्याच्या. नाशिककरांचे पूर मोजायचे माप. आधी नदीपात्रातला दुतोंड्या मारुती: पाणी कमरेला, छातीला, गळ्याला. मग नारोशंकर मंदिराची घंटा. वसईच्या 1739 च्या विजयाची ही खूण अजून जागेवर आहे, म्हणून ती वजा होत चाललेल्या गोष्टींच्या या यादीत नाही. पाणी सरकारवाड्याच्या पायरीला लागले की महापूर. 1969 चा पूर पाहिलेली माणसे अजून पायरीच्याच हिशेबात बोलतात. नातवंडांच्या मोबाइलवर गंगापूर धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये येतो. आकडा अचूक असतो, पण आजीने चूल कधी वर न्यायची ते त्यातून कळत नाही.

तांबटांचा ठोका. भांडी बाजार आहे, तांबट लेन आहे. मठारलेल्या घागरीवर हातोडीची एकेक खूण शेजारणीला चिकटून बसते, एकही दुसरीवर चढत नाही. तशीच नक्षी आता यंत्राने उठवतात. ती फारच सारखी येते, तिथेच ओळखावी. दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही.

कल्हई. यावर काय लिहायचे? नवसागराचा वास ज्याच्या नाकात आहे त्याला सांगायला नको.

हिरा. त्र्यंबकेश्वराच्या शंकराचा, असे सांगतात. 1818 मध्ये दुसऱ्या बाजीरावाची सत्ता गेली, तेव्हा तो इंग्रजांच्या हाती पडला आणि लंडनला पोचला. जगात त्याला ‘नासक’ म्हणतात, म्हणजे आपले नाशिकच. तिथे एकदा कापला, 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्याने पुन्हा कापला. नव्वदेक कॅरटचा हिरा त्रेचाळीसवर आला. एवढी घट धरायला आमचा सराफ बाजारही धजला नसता.