बुवांची जनरल शिफ्ट

चाकण एमआयडीसीत शिफ्ट तीन. फर्स्ट, सेकंड आणि थर्ड. आमच्या बुवांना यातली एकही झेपत नाही. ते पक्के जनरल शिफ्टवाले. सकाळी दिवा लागला की ड्युटीवर हजर, संध्याकाळी दिवा गेला की आडवे. मधल्या वेळात पोटात जाईल तेवढंच अंगी लागतं. हा साधा फंडा आमच्या घरी पोचला तो मात्र एका एक्स-रेमुळे.

बुवा म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन. नाव ऐकून दचकू नका, सरडाच तो. मूळचा मध्य ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या, तापलेल्या मुलखातला. घाबरला किंवा चिडला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो आणि ती काळी पडते. थेट दाढीच. म्हणून इंग्रजीत 'बिअर्डेड' आणि आमच्याकडे 'बुवा'. ऑस्ट्रेलियातून हे प्राणी विक्रीसाठी बाहेर न्यायला कित्येक दशकं बंदी आहे. त्यामुळे जगभर पाळले जाणारे ड्रॅगन पिढ्यान् पिढ्या माणसांच्या घरातच जन्मलेले.

दादा चाकणला कंपनीत आहे. त्याच्या एका सहकाऱ्याची चेन्नईला बदली झाली आणि नोव्हेंबरात बुवा काचेच्या पेटीसकट आमच्या चिंचवडच्या फ्लॅटमध्ये आले. मी फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे घरातल्यांच्या मते दिवसभर रिकामी. त्यामुळे बुवांचं जेवणखाण आपोआप माझ्याकडे.

'जरा मंद आहे हल्ली, बाकी काही नाही,' पेटी देताना तो मित्र म्हणाला होता. दुसऱ्याच दिवशी दिसलं, की हे प्रकरण 'जरा' नाही. पोट टम्म, डोळे अर्धवट मिटलेले, समोर अळी वळवळली तरी ढिम्म. शेवटची शी कधी केली, असं फोनवर विचारलं तर उत्तर आलं, 'झाले असतील दहा-बारा दिवस.'

सरपटणाऱ्या प्राण्यांना तपासणारा डॉक्टर शोधणं हेही एक कामच. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर चौकाचौकात, सरड्याचं नाव काढलं की समोरचा हसतो. शेवटी एक डॉक्टर मिळाल्या. त्यांनी बुवांना काट्यावर ठेवलं : ६१० ग्रॅम. एक्स-रेत अडकलेलं काही दिसलं नाही, पण आतडं न पचलेल्या अन्नानं भरलेलं होतं. मग त्यांनी मला अपेक्षित नसलेला प्रश्न विचारला. 'काय खातो ते नंतर. आधी सांगा, कधी खातो?'

दादानं तिथूनच चेन्नईला फोन लावला.

'अरे, सेकंड शिफ्ट सुटली की मी रूमवर यायचो साडेबाराला,' मित्र सांगू लागला. 'मग आम्ही दोघं बरोबर जेवायचो. मी डबा, तो अळ्या. जेवण झालं की लाइट बंद करून झोप.'

डॉक्टरांनी मान हलवली. दादा काहीच बोलला नाही. सेकंड शिफ्ट करून रिकाम्या खोलीवर परतणाऱ्या माणसाला जेवताना सोबत हवी असते, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मित्रानं बुवांना प्रेमानंच भरवलं होतं. पण मध्यरात्री, आणि वर दिवा बंद.

पोटाला ऊब हवी

आपलं शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करतं. थंडीतही आत ३७ अंशांच्या आसपास भट्टी चालू. सरड्याकडे ती सोय नाही. तो ऊब बाहेरून घेतो, उन्हातून, तापलेल्या दगडातून किंवा घरात असेल तर दिव्याखालून. अंग पुरेसं तापलं तरच पाचक रस नीट काम करतात आणि आतडी अन्न पुढे ढकलतात. अंग गार पडलं की सगळं मंदावतं. खाल्लेलं जागच्या जागी राहतं, कधी आतच सडतं. म्हणजे रात्री एकच्या अळ्या कितीही पौष्टिक असोत, गार पोटात ते ओझंच.

डॉक्टरांनी काही दिवस खाणं बंद केलं. सलाइन टोचलं, रोज पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बसवायला सांगितलं आणि पेटीतलं तापमान मोजायला लावलं. दादानं आपल्या कंपनीत बेअरिंग किती तापलंय ते बघायला वापरतात तसली गन विकत आणली. दिव्याखालच्या दगडावर आकडा आला ३१. हवा होता ३८ ते ४२. दिवा बदलला, दगड वर घेतला. पेटीचं दुसरं टोक मुद्दाम गार ठेवलं, पंचवीस-सत्तावीस अंशांवर. कारण जास्त तापलं तर बुवांना पळायला जागा हवी. इलेक्ट्रिकच्या दुकानातून एक टायमर आणला. सकाळी आठला दिवा चालू, रात्री आठला बंद. कुणाची कुठली का शिफ्ट असेना.

ते पाच दिवस घरात विचित्र शांतता होती. आईला प्राण्यांचं फारसं वेड नाही, पण कुणीतरी न जेवता बसलंय हे तिला सहन होत नाही. 'पोळीचा तुकडा तरी द्या गं,' ती रोज म्हणायची. मी रोज नको म्हणायची. पाचव्या दिवशी सकाळी तिनंच हाक मारली, 'ये गं, बघ तुझ्या बुवांनी काय केलंय!' पेटीत अंथरलेल्या पेपरवर, नेमकं माझा लेख छापून आलेल्या पानावर, बुवांनी आपली प्रतिक्रिया नोंदवली होती. लेखनाला इतकी मनापासून मिळालेली दाद मला आठवत नाही.

मंडईतला मेन्यू

पुढचा प्रश्न ताटाचा. पिल्लू वाढीला लागलेलं असतं, त्यामुळे त्याचा मुख्य आहार किडे. वर्ष-दीड वर्षात वाढ पुरी झाली की गणित उलटतं. मग बहुतेक सगळं ताट पाल्याचं आणि किडे तोंडी लावण्यापुरते. बुवा तीन वर्षांचे, पण खुराक पिल्लाचा, त्यातही रोज मीलवर्म. या अळ्यांत चरबी भरपूर. बसून काम आणि रोज वडापाव म्हटल्यावर आपलं जे होतं तेच बुवांचं झालं होतं.

पाल्याची निवड कॅल्शियमवर ठरते. शेवग्याचा पाला, तुतीची पानं, कोथिंबीर, किसलेला लाल भोपळा, फवारणी न केलेलं जास्वंदीचं फूल, अधूनमधून मेथी. पालक आपल्याला चांगला, बुवांना रोज नको. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, ते अंगी लागू देत नाही. चुक्याचंही तेच. फळ म्हणजे पपईची एखादी फोड, तीही सणासुदीला. काकडी खातात आवडीनं, पण ती निव्वळ पाणी. अ‍ॅव्होकॅडो विषारी. आणि कांदा अजिबात नाही. चाकणचा कांदा बाजार इतका प्रसिद्ध आणि आमच्या घरातल्या चाकणवाल्याला तोच वर्ज्य! दादा मात्र आता सुट्टीच्या दिवशी चाकणच्या बाजारातून कोथिंबिरीची जुडी घेऊन येतो, निवडतोसुद्धा. आई हे पहिल्यांदाच बघतेय.

किडे किती आणि कधी, हे आईला समजावणं अवघड जाईल असं वाटलं होतं. 'आठवड्यातून तीनदाच,' मी म्हणाले. 'मग बुधवार, शुक्रवार, रविवार,' ती लगेच म्हणाली. 'बाकीचे वार पाळायचे.' संपलं! मराठी घरातलं नॉनव्हेजचं वेळापत्रक बुवांना जसंच्या तसं लागू झालं.

त्या तीन दिवशी रातकिडे. मागवून आणलेले, बागेतले नाहीत, कारण सोसायटीच्या झाडांवर औषध मारलेलं असतं. किडा बुवांच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, नाहीतर गिळायला आणि पचायला दोन्हीकडे त्रास. रातकिड्यांना आदल्या दिवशी गाजर आणि पाला खाऊ घालायचा, कारण त्यांच्या पोटात जे असतं तेच पुढे बुवांच्या पोटात जातं. शिवाय रातकिड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, म्हणून वरून कॅल्शियमची पावडर भुरभुरायची. डॉक्टर सांगतील तेवढीच. भीमाशंकरकडे पावसाळ्याच्या तोंडावर काजवे बघायला गेलात तर मात्र प्राण्यासाठी एकही उचलून आणू नका. अमेरिकेत एखाददुसरा काजवा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याची नोंद आहे.

पावडर दिली म्हणजे काम झालं असंही नाही. ते कॅल्शियम हाडात पोचायला डी-३ जीवनसत्त्व लागतं आणि ते तयार व्हायला यूव्हीबी किरण. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात ते जवळपास नसतातच. म्हणून यूव्हीबीची खास ट्यूब. ती दिसायला छान उजेड देत राहते, पण आतले किरण कमी होत जातात. म्हणून ट्यूबच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने ते वर्षाने बदलायची. जमेल तेव्हा गॅलरीत खरं ऊन, आपण शेजारी बसून, घारी आणि मांजरांवर डोळा ठेवून. हे चुकलं तर हाडं मऊ पडतात, पाय थरथरतात, जबडा वाकतो. आणि जबडाच वाकला तर कसला संतुलित आहार?

गुरुवारचा उपास

पिंपरी-भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, आणि वीजवाल्यांची दुरुस्तीही बऱ्याचदा गुरुवारीच. वीज गेली की दिवा गेला, दिवा गेला की बुवांची पचनसंस्था बंद. अशा वेळी खायला द्यायचं नाही. वीज चारपर्यंत आली तर थोडा पाला, त्यानंतर आली तर उद्या. कारण शेवटचा घास आणि दिवा बंद होणं यात निदान दोन तास हवेतच. आई याला 'बुवांचा गुरुवार' म्हणते. एखाद्या दिवसाच्या उपासानं धडधाकट, मोठ्या ड्रॅगनचं काही बिघडत नाही. गार पोटी भरवलेल्या जेवणानं बिघडतं.

आता बुवांचं वजन ४८० ग्रॅम आहे. एक दिवसाआड पोट साफ. सकाळी दहाला ताट आलं की काचेवर पंजे मारतात.

कुणी माझ्याकडे येऊन 'मलाही घ्यायचाय' म्हटलं, की मी दोन गोष्टी सांगते. पहिली कायद्याची. आपली घोरपड किंवा स्टार कासव घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि 'साइट्स' कराराच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४च्या नियमांनी सक्तीची झाली. आपल्याला हवा तो प्राणी कुठल्या यादीत बसतो, हे आधी वन खात्याकडे विचारा आणि बिलाशिवाय काही घेऊ नका. दुसरी गोष्ट घरातली. दुकानदाराला किंमत विचारायच्या आधी फ्रीजवर चिकटवलेलं शिफ्टचं वेळापत्रक वाचा. सकाळी साडेनऊ-दहाला ताट ठेवणारं आणि संध्याकाळनंतर 'नाही' म्हणणारं माणूस घरात रोज असेल का? हा प्राणी चांगला सांभाळला तर दहा-बारा वर्षं जगतो. तेवढ्या काळात नोकऱ्या बदलतात, शहरं बदलतात, शिफ्ट तर दर आठवड्याला बदलते. त्याची वेळ बदलत नाही.

चेन्नईहून दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो. आधी मित्र विचारायचा, 'काय खाल्लं रे आज त्यानं?' गेल्या रविवारी विचारलं, 'किती वाजता खाल्लं?' दादानं वेळ सांगितली. मग थोडं थांबून त्यानंच उलट विचारलं, 'आणि तू?'

तिकडे अजून सेकंड शिफ्टच चालू आहे.